पेपरातले कात्रण घेऊन दवाखान्यात येताना

"डॉक्टर, हे वाचलंत का?"

दवाखान्यात आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी हा प्रश्न कानावर येतो. पिशवीतून किंवा सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेले कात्रण निघते. हल्ली कात्रणाच्या जागी मोबाईल पुढे येतो, एवढाच फरक. 'अमुक गोळीने धोका दुप्पट', 'तमुक फळाने मधुमेह पळाला', 'परदेशी शास्त्रज्ञांचा नवा शोध'. विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आशा असते, नाहीतर भीती. आणि डॉक्टरच्या चेहऱ्यावर, खरे सांगायचे तर, पुष्कळदा कंटाळा असतो. बाहेर वीस रुग्ण बसलेले असतात.

मध्यंतरी एका निवृत्त गुरुजींनी या सदरासाठी पत्र पाठवले. ते लिहितात, "आधी तुम्ही डॉक्टर मंडळींनी अंड्याचा पिवळा बलक बंद केलात. आता म्हणता, चालेल. उद्या पुन्हा बंद म्हणाल. आम्ही विश्वास ठेवायचा तरी कशावर?"

गुरुजींचा प्रश्न रास्त आहे. १९६८ मध्ये अमेरिकेतील हृदयविकार संघटनेने आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत असे सांगितले होते आणि २०१५ मध्ये तिथल्याच सरकारी आहारसल्ल्यातून रोजच्या कोलेस्टेरॉलची ठरावीक मर्यादा काढून टाकण्यात आली. मधल्या काळात असे लक्षात आले, की बहुतेक माणसांच्या रक्तातले कोलेस्टेरॉल मुख्यतः यकृत तयार करते आणि त्यावर ताटातल्या बलकापेक्षा तूप, लोणी, डालडा यांतल्या चरबीचा परिणाम जास्त होतो. म्हणजे पहिला सल्ला कोणी लबाडीने दिला नव्हता. त्या वेळी हाताशी असलेल्या माहितीवर तो दिला होता. माहिती वाढली, सल्ला बदलला.

पण एवढ्याने गुरुजींचे समाधान होणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझ्या दवाखान्यात आलेल्या दोन कात्रणांची हकीगत सांगतो. एकात मी चुकलो, दुसऱ्यात रुग्ण चुकला.

पहिले कात्रण

साल १९९५. दवाखाना सुरू करून मला तीन वर्षे झाली होती. एसटीचे एक चालक माझ्याकडे नेहमी येत. उपाशीपोटी पोटात कळ यायची, मध्यरात्री जाग यायची, दूध-बिस्किट खाल्ले की थोडे बरे वाटायचे. जिल्ह्याच्या गावी दुर्बिणीची तपासणी झाली होती आणि लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण, म्हणजे अल्सर, असल्याचे निदान होते. आम्ल कमी करणारी गोळी दिली की दोन महिने बरे. गोळी थांबली की कळ पुन्हा हजर. मी त्यांना सांगायचो, तिखट सोडा, चहा कमी करा, ड्युटीची काळजी करू नका. एसटीच्या चालकाने काळजी करू नये म्हणजे काय, हे मलाही सांगता आले नसते.

एके दिवशी त्यांनी खिशातून कात्रण काढले. 'अल्सर जंतूमुळे होतो. औषधाने कायमचा बरा होतो' असा काहीसा मथळा होता. मी कात्रण हातातही न घेता हसलो. म्हणालो, "अहो, पोटातल्या ॲसिडमध्ये जंतू जगेल कसा? पेपरवाल्यांना काय, रोज काहीतरी छापायला लागतं." त्यांनी घडी घालून कात्रण खिशात ठेवले. मी पुन्हा तीच गोळी लिहून दिली.

दोन वर्षांनी त्यांना डांबरासारखी काळी शौचाला झाली आणि रक्ताची उलटी झाली. रात्री जीपमध्ये घालून जिल्ह्याच्या गावी नेले. तीन बाटल्या रक्त द्यावे लागले. तिथल्या तज्ज्ञांनी दोन आठवडे जंतुनाशक औषधे आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्र दिली. त्यानंतर ती कळ परत आली नाही.

बरे झाल्यावर ते मला भेटायला आले. रागावले नाहीत. फक्त एवढेच विचारले, "साहेब, त्या दिवशी ते कात्रण नुसतं वाचायचं तरी होतंत."

वाचकहो, त्यांचे खरे होते. तो शोध काही कालचा नव्हता. ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात डॉ. रॉबिन वॉरन यांना १९७९ पासून जठराच्या तुकड्यांत सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसत होते. पुढे डॉ. बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी ते जंतू स्वतः पिऊन पाहिले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने जाहीर केले, की अल्सरच्या ज्या रुग्णांत हा हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू सापडतो त्यांना जंतुनाशक औषधे द्यावीत. म्हणजे मी हसलो त्याच्या आदल्याच वर्षी. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. प्रत्येक अल्सर जंतूमुळेच होतो असे नाही. अंगदुखीच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्यानेही तो होतो. पण माझ्या त्या रुग्णाला दोन वर्षांचा त्रास आणि तीन बाटल्या रक्त मी कात्रण न वाचल्यामुळे सोसावे लागले असणार, ही बोच अजून आहे.

दुसरे कात्रण

आता उलट बाजू. एप्रिल २०२०. टाळेबंदी लागलेली. आमच्या गावातले एक किराणा दुकानदार, वय पासष्ट, नऊ वर्षे माझ्याकडून टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी घेत होते. दाब उत्तम आटोक्यात होता. त्या दिवसांत एक बातमी फिरत होती: रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे करोना जास्त बळावतो. त्यांनी ती वाचली आणि कोणालाही न सांगता गोळी बंद केली. दवाखान्यात येण्याचीही भीती, म्हणून विचारलेही नाही.

जूनमध्ये मुलगा त्यांना मोटारसायकलवर मध्ये धरून घेऊन आला. उजवा हात उचलत नव्हता, जीभ जड झाली होती. रक्तदाब २१० वर १२०. तातडीने पुढे पाठवले. ते वाचले, पण उजव्या हातात पूर्वीसारखी ताकद आली नाही. आता खातेवही मुलगा लिहितो. गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण दोन महिने दाब मोकाट राहिला आणि असा दाब हेच मेंदूच्या झटक्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

त्या बातमीच्या मुळाशी काय होते? मार्च २०२० मध्ये लॅन्सेट या इंग्लंडच्या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकाच्या श्वसनरोगविषयक अंकात छापलेले एक छोटे पत्र. करोनाचा विषाणू पेशीवरच्या ज्या कडीला धरून आत शिरतो, ती कडी या गोळ्यांमुळे वाढत असावी आणि म्हणून धोका वाढत असावा, असा त्यात तर्क होता. गोळी दिली आणि माणसे दगावली, असे त्यात कुठेही नव्हते. १३ मार्च २०२० लाच युरोपातील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 'गोळ्या थांबवू नका' असे निवेदन काढले. पुढे ब्राझीलमध्ये या गोळ्या घेणाऱ्या ६५९ करोना रुग्णांवर चाचणी झाली. चिठ्ठी टाकावी तसे अर्ध्यांची गोळी थांबवली, अर्ध्यांची चालू ठेवली. जानेवारी २०२१ मध्ये निकाल छापून आला: थांबवणाऱ्यांचा काहीही फायदा झाला नाही.

तर्क छापून आला त्याची बातमी झाली. तर्क खोटा ठरला त्याची तेवढी बातमी झाली नाही. हे नेहमीच होते, म्हणून हे लक्षात ठेवावे.

मग कात्रण वाचायचे कसे?

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरलाही मोठमोठे शोधनिबंध पूर्ण समजतात असे नाही. मला तर नाहीच. पण चार प्रश्न विचारले की निम्मे धुके निवळते. ते कोणालाही विचारता येतात.

प्रश्न पहिला: हे कोणावर करून पाहिले?

काचेच्या नळीत, उंदरांवर की माणसांवर? आणि माणसांवर, तर कोणत्या? करोनाकाळातील डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचे उदाहरण घ्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्या दर १०० रुग्णांत नेहमीच्या उपचारांत ४१ दगावत होते, ते या स्वस्त औषधाने २९ वर आले. फार मोठा शोध. पण त्याच निबंधात पुढे लिहिले होते, की ज्यांना ऑक्सिजनची गरज नव्हती त्यांना काही फायदा झाला नाही. त्यांच्यात तर मृत्यू किंचित जास्तच दिसले.

आपल्याकडे पहिला भाग सर्वांनी वाचला. दुसरा भाग पुष्कळांनी सोडून दिला. साध्या ताप-खोकल्याच्या रुग्णांना पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड दिले गेले. काहींनी तर दुकानातून स्वतःच घेतले. २०२१ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात काळ्या बुरशीने, म्हणजे म्युकरमायकोसिसने, कितीजणांचे डोळे आणि जबडे गेले ते आपण पाहिले. त्यांतल्या बहुतेकांना मधुमेह होता आणि स्टेरॉइडने साखर आणखी भडकली होती. संशोधन खरे होते. ते चुकीच्या माणसाला लावले गेले.

प्रश्न दुसरा: किती जणांवर, आणि तुलना कोणाशी?

'औषध घेतले आणि बरे वाटले' याला पुरावा म्हणत नाहीत. सर्दी औषधाने सात दिवसांत आणि औषधाविना एका आठवड्यात बरी होते, हा विनोद जुना असला तरी खरा आहे. म्हणून औषध न घेणारा तसाच दुसरा गट समोर लागतो.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच राज्यातले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत खेड्यातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटलेले दिसले. डिसेंबर १९९९ मध्ये हा निबंध लॅन्सेटमध्ये आला. शेजारची ४७ गावे मोजली नसती, तर 'पाऊसपाणी बरे झाले म्हणून मुले जगली' असे कोणीही म्हणाले असते. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासण्याची देशव्यापी योजना मात्र २०११ मध्ये आली. चांगल्या संशोधनालाही माझ्यासारखे हसणारे आणि थांबणारे पुष्कळ भेटतात.

याउलट हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय शहरातून अवघ्या ३६ रुग्णांचा अभ्यास आला. औषध सुरू केलेल्या २६ जणांपैकी सहा जणांना हिशेबातून वगळले होते. त्यांतले तिघे अतिदक्षता विभागात गेले होते आणि एक दगावला होता! परीक्षेतील नापास मुले वगळून शाळेचा निकाल लावावा तसे हे झाले. तरी जगभर त्या गोळीवर झुंबड उडाली. मीही ती लिहून दिली, स्वतःही घेतली. मग रिकव्हरी चाचणीत दीड हजारांवर रुग्णांना ती गोळी आणि तीन हजारांवर रुग्णांना नेहमीचे उपचार देऊन पाहिले. गोळी घेणाऱ्यांत शंभरात २७ दगावले, न घेणाऱ्यांत २५. उपयोग शून्य. तो फ्रेंच निबंध डिसेंबर २०२४ मध्ये अधिकृतपणे मागे घेण्यात आला.

प्रश्न तिसरा: किती पैकी किती?

'धोका दुप्पट' हा शब्द ऐकला की छातीत धस्स होते. दुप्पट म्हणजे कितीचा दुप्पट, हे आधी विचारावे. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये असा इशारा दिला गेला, की काही नव्या संततिनियमनाच्या गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. बायकांनी घाबरून गोळ्या सोडल्या. प्रत्यक्षात जुनी गोळी घेणाऱ्या दर ७ हजार बायकांत एकीला गुठळी होत होती, ती नव्या गोळीने दोघींना होत होती. ७ हजारांत एक जास्त. गोळ्या सोडल्यामुळे नको असलेली गर्भधारणा वाढली आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये अंदाजे १३ हजार गर्भपात जास्त झाले. आणि गर्भारपणात गुठळीचा धोका त्या गोळीपेक्षाही जास्त असतो. 'दुप्पट' खोटे नव्हते, अपुरे होते.

प्रश्न चौथा: दुसऱ्या कोणी तपासून पाहिले का?

एका अभ्यासावर घर बांधू नये. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू वेकफिल्ड या डॉक्टरने १२ मुलांच्या निरीक्षणावरून गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्रित लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवला. आईबापांनी लस टाळायला सुरुवात केली. २००२ मध्ये डेन्मार्कमधील ५ लाख ३७ हजार मुलांची नोंद तपासली गेली. लस घेतलेल्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण जास्त नव्हते. २०१० मध्ये लॅन्सेटने तो निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदणीतून काढण्यात आले. लस उत्पादकांविरुद्ध खटला चालवणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळाले होते, हेही उघड झाले. इतके होऊनही आजसुद्धा माझ्याकडे एखादी आई येते आणि विचारते, "ही लस दिली तर मूल बोलायचं थांबतं म्हणे?" १२ मुलांची बातमी अजून फिरते. पाच लाख मुलांची बातमी तिच्यापर्यंत पोचलेलीच नसते. सांगून ठेवतो: गोवराची लस वेळेवर द्या. गोवराने मुले दगावतात.

डॉक्टरांनी काय करावे?

आम्हा डॉक्टरांची अडचण वाचकांनी समजून घ्यावी. कॉलेजात शिकलेले पुष्कळसे वीस वर्षांत जुने होते. तालुक्याच्या गावी नवी माहिती घेऊन येतो तो बहुधा औषध कंपनीचा प्रतिनिधी, आणि तो त्याच्या कंपनीचेच सांगणार. त्यामुळे डॉक्टरकडून दोन प्रकारच्या चुका होतात. नवे आले की लगेच लिहून देणे, ही एक. नवे आले की हसणे, ही दुसरी. मी दोन्ही केल्या आहेत.

त्या चालकांच्या प्रसंगानंतर मी एक नियम केला. कोणी कात्रण आणले की ते ठेवून घ्यायचे, तारीख टाकायची आणि 'आठ दिवसांनी या' म्हणायचे. रात्री वाचायचे, गरज पडली तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या तज्ज्ञ मित्राला फोन करायचा. पुष्कळ कात्रणांत काही दम नसतो. पण 'मला हे माहीत नाही, विचारून सांगतो' असे रुग्णाला म्हटल्याने डॉक्टरची किंमत कमी होत नाही, हे मला उशिरा कळले.

आणि वाचकांनी?

कात्रण जरूर आणा. पूर्ण आणा, नुसता मथळा नको. वर्तमानपत्राचे नाव आणि तारीख राहू द्या. मोबाईलवरचा मजकूर असेल तर कोणी लिहिला ते दिसू द्या. 'शेअर करा, पुण्य लाभेल' असे खाली असेल तर आणू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, थायरॉइड, हृदयविकार, दमा, क्षय यांची चालू औषधे कोणत्याही बातमीवरून स्वतः बंद करू नका. प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर फोन करा, चिठ्ठी पाठवा, मुलाला पाठवा. बातमी आठ दिवस थांबू शकते. बंद केलेली गोळी शरीर आठ दिवस चालवून घेईलच असे नाही.

गुरुजींच्या पत्राला आता उत्तर देतो. गुरुजी, आपला सल्ला बदलायला तयार नसणाऱ्या डॉक्टरवर विश्वास ठेवू नका. दर आठवड्याला बदलणाऱ्यावरही ठेवू नका. सल्ला का बदलला, हे जो तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगतो त्याच्यावर ठेवा. आणि मधुमेह किंवा हृदयविकार नसेल तर रोजचे एक अंडे बलकासकट खायला हरकत नाही. पुढे यात काही बदल झाला, तर तो का झाला हेही याच सदरातून कळवीन.